नाकामागची चकती

शंकूला काहीच झालं नव्हतं.
तडा मागच्या चकतीला, सातव्या स्क्रूच्या भोकापाशी,
केसाएवढा, पण वाटेला लागलेला.

खलफान म्हणाला, वेल्डिंग मार की.
म्हटलं, कप्तान, हा पत्रा मिनिटाला
अडीच हजार फेरे घेतो.
तो हसला, दात नसलेल्या बाजूनं.

विमान माझ्याहून दोन वर्षांनी थोरलं.
कंपनी बुडाली, साचे मोडीत गेले.
पुस्तकात भागाला नंबर आहे,
जगात भाग नाही.

नाशकात चुलता तांबट होता,
हंड्याचा गळा नुसत्या कानानं ओळखायचा, कुठं पातळ झालाय ते.
मीही ही चकती लेथवर दोन दिवसांत काढीन.
सही कोण करणार?

आठ महिने गेले.
मग शारजात, एका गोडाऊनमागे,
पंख कापलेलं त्याच जातीचं धूड.
काचा वाळूनं आंधळ्या, आत पारव्यांची घाण,
आणि सीटखाली, पिशवीत,
लॉगबुकं. कोरडी.

बिजूनं स्क्रू सोडवले.
भिंगाखाली तासभर बघितलं: तडा नाही.
आतल्या अंगाला पेन्सिलीचा बाण
आणि एक ५.
बिजूला तो अरबी वाटला.
मी काही बोललो नाही.
पुसलाही नाही.

रास अल खैमाला, पहाटे, ऊन चढायच्या आत,
समोरासमोरचे स्क्रू आवळत गेलो.
इंजिन धरलं.
खलफाननं ओरडून विचारलं, फिरतंय ना ते?
टोक एका जागी, थांबल्यासारखं.

म्हटलं, नीट बसलं की असंच दिसतं.