मापाडी

पहाटे साडेपाचला सिस्टर काटा ढकलत आणते.
त्याचं एक चाक अडतं, म्हणून ती दिसायच्या आधीच मला कळतं.
मी चप्पल शोधते, तुमच्या बगलेत खांदा देते
आणि तुम्ही उभे राहता, लटपटत,
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात चौतीस वर्षं
दुसऱ्यांचा माल तोललेला माणूस.

"आकडा सांगू नका," म्हणता.
डोळे मिटून स्वतःचा अंदाज घेता:
"एकसष्ट सातशे."
काटा म्हणतो, एकसष्ट नऊशे.
"मग बारदान वजा करा की.
हा झगा, ही लघवीची पिशवी, हाताला चिकटवलेलं हे सगळं."
ज्योत्स्ना सिस्टर पनवेलची, नवीन लग्नाची,
तिला बारदान कळत नाही.
ती एकसष्ट नऊशे लिहिते.

अंगात पाणी साचतंय, डॉक्टर म्हणाले.
हृदयाची ताकद पंचवीस टक्के.
मी विचारलं, शंभरातले?
दुसरं काय विचारायचं असतं?

दिवसाला एक लिटर. चहा, आमटी,
गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच धरायचं.
औषधाचं पन्नासचं टोपण आहे, त्याने मोजते,
आणि बाटली कपाटात, साडीच्या घडीखाली ठेवते.
दुपारी तुम्ही मागता. मी नाही म्हणते.
पुन्हा मागता. मी नाही म्हणते.
बेचाळीस वर्षांत मिळून इतक्यांदा नाही म्हटलं नव्हतं.
मंगळवारी तुम्ही म्हणालात, "वैरीण आहेस."
शेजारच्या खाटेवर गोठिवलीचे नाखवा,
त्यांच्या सुनेने डब्यातला जवळा ढवळत
मुद्दाम खिडकीकडे पाहिलं.
मी बाथरूमात गेले, नळ सोडला
आणि ओंजळ लावून घटाघटा प्यायले,
ढेकर येईपर्यंत.
मग पदराने तोंड इतकं कोरडं पुसलं
की तुम्हाला ओल दिसू नये.

रात्री दहाला वॉचमन पास तपासतो.
एका पेशंटमागे एकच माणूस.
प्रवीणची ऐरोलीला रात्रपाळी,
तो खालूनच फोन करतो, "आई, भाकरी पाठवलीय लिफ्टमनकडं."
मी खाटेखाली चादर अंथरते.
ओहोटीला खाडीचा वास चौथ्या मजल्यापर्यंत चढतो.
वर तुमचा श्वास. मी मोजत नाही.
खोटं कशाला बोलू, मोजते.

नवव्या दिवशी काटा म्हणाला, अठ्ठावन्न.
तुम्ही म्हणाला होतात, अठ्ठावन्न.
सिस्टरने टाळी वाजवली.
खाली उतरताना तुमचा सगळा भार माझ्या खांद्यावर आला
आणि तुम्ही मध्येच थांबलात,
पोतं हातात घेऊन कमी भरलंय हे ओळखल्यावर
थांबायचा तसे.
"तू उतरलीस."
"काहीतरीच."
"तीन किलो. वरती थोडं. चढ बघू काट्यावर."

मी निऱ्या गोळा करून चढले.
अख्खा बाजार तोललात, मला कधी नाही.
तुम्ही खाटेच्या कडेला बसून, दम खात, माझ्याकडे बघत होतात.
माझ्या डोळ्यांकडे नाही. पायांकडे,
भार कुठे पडतोय तिकडे.
"एक्कावन्न चारशे," म्हणालात.
"लुगडं, किल्ल्या, गळ्यातलं, हे बारदान सोडून."
काटा काय म्हणाला ते सिस्टरने पाहिलं.
ती हसली नाही.

घट ज्याची त्याने सोसायची, असा बाजारचा रिवाज.
तुम्ही म्हणालात, "ही माझ्या नावावर लिही."
कुठे लिहू?
त्यांच्या तक्त्यात किती प्यायलं, किती गेलं, एवढेच दोन रकाने.

मी बाटली काढली. टोपण काठोकाठ भरलं.
हात हलला, दोन थेंब चादरीवर सांडले,
ते धरायचे की सोडायचे, मला समजेना.
तुम्ही ओठ लावलेत, गिळलंत,
आणि मापाड्याने पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं,
म्हणून म्हणालात, "लाभ."

अजून एकोणीस.