दगडाचा कल

पोवई नाक्यावरून वर पाहिलं
की टॉवरच्या पलीकडे तट जिथे वळतो,
तिथल्या बुरुजाच्या पोटात आमचा तिमाण्णा शिरला होता.
कितव्या पिढीतला, कुणालाच नीट सांगता येत नाही.
काका बोटं मोजतो, नवव्यावर अडतो
आणि तंबाखू मळायला घेतो.

आम्ही वडार. ज्याचा पगार त्याचा दगड.
त्या साली पगार खालच्या छावणीचा होता.
वरच्या तटाचे चिरेही
आमच्यातल्याच कुणीतरी घडवले असणार.

मार्गशीर्षात धरलेलं भोक चैत्रात पोचलं.
बसून सरकता येईल एवढंच रुंद.
दिवसाला वीतभर, काळा पाषाण लागला तर चार बोटं.
वरून शिळा गडगडत यायच्या.
रात्री गडावर कुणी गायला लागलं
की कातळातून ते आत झिरपायचं म्हणे,
शब्द गळून गेलेले, उरलेला ठेका.
त्या ठेक्यावर छिन्नी पडायची.

मग तो दिवस.
पायदळ आणून तटाच्या मुळाशी बसवलं.
बुंदेले, कर्नाटकातले बेरड, आणि काही
ज्यांच्या आया याच डोंगराच्या पाठीला दळत बसलेल्या.
ढाली डोक्यावर, शिड्या मांडीवर आडव्या.
एकाने अर्धी सुपारी शेजाऱ्याला दिली,
उरलेली परत कनवटीला लावली, नंतरसाठी.
हुकूम साधा होता:
तट आत पडेल. धूर बसायच्या आत चढायचं.

पहिली बत्ती. तट आत पडला.
वरचे गाडले गेले, खाली आरोळी उठली,
शिड्या उभ्या झाल्या.
दुसरी बत्ती.
तट बाहेर पडला.

बाहेर म्हणजे त्यांच्या अंगावर.
याहून जास्त आमच्यात कुणी सांगत नाही,
फक्त एवढं, की धूर निवळला तेव्हा
एक शिडी खिंडाराला टेकून तशीच होती.
वाट मोकळी होती.
चढायला कुणी नव्हतं.

इथून गोष्टीला दोन फाटे.

लग्नात सांगतात तो असा:
तिमाण्णाने कातळाला कान लावला,
सुतकीने तीनदा ठोकलं,
कल बाहेरचा आहे हे ओळखलं
आणि गप्प राहिला. गडासाठी.
पोरं शिट्ट्या मारतात, बॅंडवाला उगाच एकदा ढोल वाजवतो.

मयतीला सांगतात तो वेगळा:
त्याने दारोग्याला सांगितलं होतं, दोनदा.
दारोगा म्हणाला, तू माती काढ.
आणि शिडीवाल्यांत त्याचा थोरला होता, येंकाप्पा,
चार दाम जास्त मिळतात म्हणून गेलेला.

मी खाणीत ब्लास्टिंगला आहे, लिंब खिंडीच्या अलीकडे.
जिलेटिन, वायर, लाल झेंडा, शिट्टी.
ड्रिल लावायच्या आधी तळहात टेकतो.
उन्हात तापलेला दगड जनावरासारखा वाटतो,
कुठल्या कुशीवर वळणार ते कळतं,
कसं ते विचारू नका.

गेल्या फाल्गुनात असंच कळलं.
मुकादमाला म्हणालो, थर बाहेर झुकलाय,
डंपर मागे घ्यायला लावा.
तो फोनवर होता. त्याने हात हलवला,
हो म्हणून की गप्प म्हणून, देव जाणे.
मी पुन्हा म्हणालो नाही.
हजेरीचे तीन दिवस आधीच कापलेले होते.
शिट्टी मीच वाजवली.

केबिन चेपली. काचा रस्त्यापर्यंत.
ड्रायव्हर संपत कोळेकर तेवढ्यात
टपरीवर गेला होता, चहा संपला होता
म्हणून परत यायला उशीर झाला.
येऊन हसला, माझ्याच खांद्यावर हात टाकून.

रात्री काकाला म्हणालो,
गोष्टीला तिसरा फाटा आहे.
एकदाच सांगितलं असेल त्याने, तोंडातल्या तोंडात,
दारोग्याची पाठ वळलेली असताना.

काका किती वेळ तंबाखू मळत राहिला.
मग चिमूट दाढेत सारून म्हणाला,
ठाऊक आहे.
तो आपण सांगत नाही.