दोन हातांचं यंत्र

टुआटापेरेच्या चर्चमागच्या दुकानात
दर बुधवारी मी बसते, जुन्या वस्तूंना किमती लावायला.
आज नेट्टा मॅक्लिन्टॉक आली. बुटांच्या खोक्यात
टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काचेचं भांडं, फिकट हिरवं,
अंगावर मापाच्या उठावदार रेघा,
वर पत्र्याचं झाकण, बाजूला दांडा,
दांड्याला लाल मूठ. तिचा रंग उडालेला,
पण एकाच अंगाला.

"चालतं," ती म्हणाली. "तेल दिलंय."
आणि चहाला न थांबता वाऱ्यात निघून गेली.

यंत्र साधंच, पण त्याला दोन हात लागतात:
एक वरून दाबून धरायला, एक फिरवायला.
एका हाताने फिरवू गेलं
तर भांडंच ओट्यावरून चालू लागतं.

ड्यूगल्डचा उजवा हात आरागिरणीनं खाल्ला, कोपरापर्यंत,
पूल वाहून गेला त्या वर्षी.
आम्ही केक घेऊन गेलो, भाजलेलं मटण घेऊन गेलो,
काय बोलावं सुचेना म्हणून हवेपाण्याचं बोललो.
तो खिडकीशी बसून. बुटाच्या नाड्या नेट्टा बांधायची
आणि तो छताकडे बघायचा.

मग एका शनिवारी, कुणाच्या तरी लग्नाचा पाव्हलोवा.
सहा अंड्यांचं पांढरं तेवढं भांड्यात.
नेट्टानं ते त्याच्यापुढे ठेवलं, उलटं वळवून,
दांडा डाव्या हाताशी येईल असं.
वरून स्वतः दाबून धरलं. म्हणाली,
"मनगटात कळ आलीये माझ्या. फिरव."
कळबिळ काही नव्हती. त्यालाही ठाऊक होतं.

त्यानं फिरवलं.
शिव्या घातल्या, थांबला, पुन्हा फिरवलं.
साखर चमच्याचमच्यानं पडत गेली,
आणि काचेआड पाण्याचं दूध झालं, दुधाचा फेस,
फेसाची नुकती कातरलेली लोकर.
झालं का ते बघायला ड्यूगल्डनं
भांडं उचललं आणि स्वतःच्याच डोक्यावर उपडं धरलं.
काही पडलं नाही.
नेट्टा सांगते, तेव्हा ती खुर्चीत बसली
आणि हसता हसता तिला उचकी लागली.

पुढे चाळीस वर्षं गावातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक मयत
त्या दोघांनी फेसलं.
मुलीनं ऑकलंडहून पाठवलेला विजेचा मिक्सर
माळ्यावरच राहिला, खोक्यासकट.

गेल्या जूनमध्ये ड्यूगल्ड गेला.
त्या दिवशी चर्चमध्ये विकतचा केक होता. कोरडा.
कुणीच काही म्हटलं नाही.

आता माझ्यापुढे चिकटपट्टी आणि पेन.
पाच डॉलर? पंधरा?
दात्यांच्या फटीत साखरेचा एक कण अडकलाय,
नखानं निघत नाही.
फिरवून बघावं म्हटलं,
तर भांडं टेबलाच्या कडेकडे चालायला लागलं.

"विरेमू," मी पुस्तकं लावणाऱ्या पोराला हाक मारली,
"जरा वरून धर रे."
त्यानं धरलं. पाती रिकाम्या हवेत
एकमेकींत शिरत, एकमेकींना न शिवता फिरू लागली.
"काय करतेयस?"
"किंमत ठरवतेय," मी म्हटलं. "सोडू नकोस."