अनामत

मत्रहच्या गोदामात मी तांदळाची पोती मोजतो.
पोती कंपनीची.
चलनाच्या पाठीवर उतरवतो तो माल माझा.
परवा उतरला 'वैल':
चुलीचं दुसरं तोंड, स्वतःचा जाळ नसलेलं,
शेजारच्या धगीवर आमटी कोमट ठेवणारं.
हुसेन सरखोतनं दिला, क्रेनवरून उतरता उतरता.
म्हणाला, हर्णैत आता कुणाला सांगू?
रात्रभर गालात धरला मी तो,
खजूर संपला तरी बी धरतात तसा.

एकशे त्र्याण्णव झाले.
त्यातले दोन दुबार निघाले, एक खोटा,
कुणीतरी चेष्टेनं खपवलेला.
तोही ठेवलाय. वाजतो छान.

ऑगस्टात एक पोतं उसवलं.
सुपरवायझर ओरडला, किती सांडला?
मी वाकलो, पाहिलं, आणि तोंडून गेलं:
निळवंभर.
चिपटं नव्हे, कोळवंही नव्हे, निळवंच.
किती वर्षं बेकार बसलेलं माप,
त्या दुपारी कामावर लागलं.
किलोत सांग, तो म्हणाला.
किलोत ते काहीच नव्हतं.

बायकोला फोनवर म्हटलं, वानवळा पाठवतोय, खजुराचा.
ती म्हणाली, ही कुठली नवी कुरिअर?
हसलो. सांगितलं. ती गप्प झाली,
आणि मग तिनंच एक दिला, तिच्या आत्याचा.
तो मी लिहिला नाही.
तो तिच्याच नावावर आहे.

शुक्रवारी खल्फानबरोबर रुवीला गेलो,
आमचा वॉचमन, बाप त्याचा बगल्यावर सुकाणू धरायचा.
बस स्टँडवर सामान ठेवायची खिडकी, वर हिरवी पाटी.
मी अरबी वाचतो ते पहिलीतल्या पोरासारखं,
बोट लावून:
अल... अमा... नात.
अमानत?
अरे, ही तर आपली अनामत!
दर्या ओलांडताना 'म' आणि 'न'
एकमेकांच्या जागी जाऊन बसलेले.

खल्फानला मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं.
त्यानं दाढी खाजवली. गलबत हललं की
माणसंसुद्धा सरकतात, म्हणाला.
मग बरोबर कुणाचं, तुमचं की आमचं?
त्यानं खिडकीकडे हनुवटी केली:
ज्याच्याकडे पावती, त्याचं.

शब्द दुर्मीळ नाही. घरमालक रोज मागतात.
तरी घेतला.
बसमध्ये पेन उठेना,
काचेतून येणाऱ्या उन्हात धरलं, तळव्यावर गिरवलं,
आणि चुरगळल्या चलनावर, धक्क्याधक्क्यानं, वाकडं:
एकशे चौऱ्याण्णव.