नऊ वॅट

अडावदला कोकिळाबाईंकडे गेलो तेव्हा
त्या धाब्यावर होत्या, मिरच्या उलथवत.
खाली न उतरताच म्हणाल्या, नजीरभाऊ, बॅटरी मोठी द्या,
आधीच्यासारखी रात्री दीडला मान टाकणारी नको.

मोठी म्हणजे केवढी, हे दुकानात ठरत नाही.
ते घरात ठरतं, वहीच्या पाठपानावर:
कोण काय लावतं, आणि किती वेळ.
मी उंबऱ्याशी बसलो. लिहीत गेलो.

पंखे दोन, पन्नासचे, आठ तास. आठशे.
आतले दिवे चार, नऊ-नऊचे, पाच तास. एकशे ऐंशी.
टीव्ही साठचा. बाई म्हणाल्या तीन तास,
आतून मुलगी ओरडली, चार.
मी मुलीचं धरलं.

आणि हा ओट्यावरचा?
तो रातभर.
रातभर म्हणजे कितला तास?
"त्या केळीसनी गाडी भराले जातस.
गाडी भराई गई का येतस."

आता 'गाडी भराई गई का' याला कशानं गुणायचं
हे आयटीआयत शिकवलं नव्हतं.
मी दहा लिहिले. नऊ दाहे नव्वद.

इन्व्हर्टर वाटेत खातो ते धरून साडेपंधराशे,
आणि त्याची दुप्पट.
दुप्पट कशाला?
कारण शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, बाई,
उतरवली की तिचं आयुष्य उतरतं.
मग निम्म्याचेच पैसे घ्या ना, म्हणाल्या.
मी रांजणाकडे बोट केलं:
तळाचं पाणी कुणी पितं का?
"चैत्रात पितो."

मी गप्प. चोवीस व्होल्टला दीडशेच्या दोन, असं लिहिलं.

मिरच्या एका कोपऱ्यात सरकल्या,
दक्षिणेला तोंड करून दोन पॅनल बसले.
भरायची बेतानं, सांगितलं, दीडशेला पंधरा अँपिअर.
जास्त दामटली तर उकळते,
अर्धपोटी ठेवली तर पाट्यांवर पांढरं धरतं.
बोअरचं पाणी घालायचं नाही, त्यात क्षार.
पत्र्याच्या पडवीत नाही, आत, कोठीच्या खोलीत ठेवायची,
खिडकी उघडी, भरताना हिचा श्वास चांगला नसतो.
आणि आठवड्याला काचेवरची धूळ,
सकाळी, काच तापायच्या आत.
बाई ऐकत होत्या. मुलगी लिहून घेत होती.

मेच्या मध्यावर पुन्हा गेलो.
जळगावला पारा सेहेचाळीस, इथे कोण मोजतो.
हायड्रोमीटर घातला: साडेबाराशेला जरा कमी, ठीक.
एका घरात पाणी उतरलं होतं, तेही ठीक, उन्हाळा.
झाकण लावायला वळलो तर
कोठीच्या दाराच्या आतल्या बाजूला
खडूनं आकडे, एकाखाली एक.

साडेअकरा.
दोन.
पावणेबारा.
चार.
दोन.
मग एक नुसती आडवी रेघ.
मग पुन्हा एक.

हे काय? विचारलं.
तुम्ही दहा तास अंदाजानं धरले होते ना,
बाई म्हणाल्या, म्हटलं नीट मोजून ठेवावं,
पुढच्या वेळी लागलं तर.

मी वहीत मांडलं. सातला लावला दिवा
तर सरासरी सहा तासांच्या आसपास. रेघ सोडून.
रेघेला काय धरू?
त्या रात्री गाडी सावद्याला अडकली होती,
हे मुलीनं सांगितलं. फोन लागत नव्हता.
दिवा उजाडेपर्यंत.
मग आईनं दोन्ही पंखे बंद केले,
बॅटरी निम्म्याखाली जाऊ नये म्हणून.

मी म्हणालो, अहो, नऊ वॅटचा दिवा तो,
दोन्ही पंखे चालू राहिले असते तरी
काही फरक...

बाईंनी डिस्टिल्ड वॉटरची बाटली पुढे केली.
कोणत्या घरात घालू, म्हणाल्या,
ह्या का त्या?