चेकिंग

नळ पाचव्या दिवशी येतो, तोही रात्री अडीचला.
हंडे, पिंप, कळशी, कुकरसुद्धा भरून झाला की
करंगळीएवढी धार उरते शेवटी.
ती कांडीची.

कांडी म्हणजे आमची कुत्री.
कारखान्यामागं, फुटक्या कांड्यांच्या पोत्यात सापडली,
अंगभर कापसाची लव, डोळे तेवढे उघडे.
तिला मराठी कळतं, पण ऐकते ती तेलुगूच.
'रा' म्हटलं की येते.
आंघोळ मात्र सगळ्या भाषांत पाठ.
समोरची कल्लव्वा नुसती 'जळक' म्हणाली
तरी ही पलंगाखाली.
म्हणून घरात आम्ही 'ते काम' म्हणतो.
आता तेही कळायला लागलंय.

एप्रिल. अकरालाच पिंपातलं पाणी आपसूक कोमट.
श्रीनिधी साखळी धरतो, तोंड भिंतीकडं करून,
तिच्याकडं बघितलं तर सोडून देईल म्हणून.
कानांत कापसाचे बोळे. रिठे रात्रीच भिजवलेले.
कल्लव्वा कठड्यावरून:
"माणसांना नाही पाणी, अन् ह्यांचे लाड बघा."
मी म्हणते, हेच पाणी नंतर कण्हेरीला जातं.
खोटं नाही ते.
पण अर्धं, ती अंग झाडते तेव्हा,
कल्लव्वाच्या शेवयांवर जातं.

माझं काम चेकिंगचं. सतरा वर्षं.
ट्यूबलाइटखाली टॉवेल पसरायचा,
लवेच्या उलट बोट फिरवायचं:
गाठ, तुटका धागा, तेलाचा डाग.
दोष दिसला की लाल दोरा.
तीन दोरे झाले की माल सेकंड.
बोटं आता मला विचारत नाहीत.
सिटी बसमध्ये पुढच्या बाईच्या पदराचा
सुटलेला धागाही त्यांना सापडतो.

तीच बोटं कांडीच्या मानेतून, काखेतून,
शेपटीच्या बुडाशी.
गोचीड निघाला की मिठाच्या वाटीत.
सासऱ्यांच्या हातमागाची मोडकी फणी आहे,
तिच्या तुकड्यानं विंचरते.
मूठभर केस निघतात, मऊ.
"कातलं तर रुमाल होईल," नरहरी म्हणतो,
दर वेळी,
अन् स्वतःच हसतो.

डाव्या बाजूला, शेवटच्या आचळाजवळ
बोट थांबलं.
गोचीड नव्हता. गोचीड ओढला की येतो.
ही आत होती, हरभऱ्याएवढी.
लवेच्या उलट फिरवून पाहिलं, मग सुलट.
होतीच.

"काय गं?"
"काही नाही, साबण राहिला होता."
आम्ही साबण लावतच नाही तिला.
त्याच्या लक्षात आलं नाही.

तांब्यातलं पाणी तिथं जरा हळू सोडलं.
कांडी उभी, डोळे मिटून,
रेशनच्या रांगेत दमलेल्या बाईसारखी.
ओच्याला नेहमीसारखा लाल दोरा अडकलेला होता.
राहू दिला.

पुसायला सेकंडचा टॉवेल. पांढरा, जाड,
काठावर कुठल्याशा परदेशी हॉटेलचं नाव,
एक अक्षर उलटं विणलेलं.
तीनशे नग परत आले होते. मीच पास केलेले.
मुकादमानं पगारातून कापले,
अन् वर चार नग हातात ठेवले.
तीन वर्षं झाली, एक धागा निघालेला नाही.

उद्या माझी पहिली पाळी.
दुपारी जनावरांच्या दवाखान्यात नेईन.
रिक्षावाला कुत्रं घेतो का, विचारायचं.
नरहरीला जेवणं झाल्यावर सांगीन.

साखळी सोडली, तशी कांडी
गल्लीतल्या वाळूच्या ढिगावर जाऊन
चारी पाय वर करून लोळली.
कल्लव्वा शेवया उलटताना हसली,
"झालं? गेलं सगळं पाणी?"

जाऊ दे, म्हटलं.
पाच दिवसांनी येतंच.