सातवा महिना

पाडव्याला आणली तेव्हा ‘गाडी’ म्हणून जरा थांबायचो,
समोरचा विचारेल, कुठली घेतली.
आता ‘ती खालची’ म्हणतो.
किल्ली फ्रिजवरच्या वाटीत असते,
एक सुकलेलं लिंबू आणि रबरबँड यांच्या सोबतीला.

पहिला ओरखडा ज्येष्ठात पडला.
धायरी फाट्यावर एका टेम्पोने जाता जाता दिला.
तीन दिवस मला जेवण गेलं नाही.
दुसरा कधी पडला, ठाऊक नाही.
शुभदाला दिसला. म्हणाली, बरं झालं,
आता माणसासारखी चालवशील.

पेट्रोल मी वहीत लिहितो.
लिटर, किलोमीटर, भागाकार, शेरा.
अठरा पॉइंट दोन. सतरा पॉइंट नऊ.
कंपनीने सांगितलेले तेवीस
बहुतेक रात्री दोनला मिळत असावेत,
रिकाम्या रस्त्यावर, उताराला.

पिरंगुटला जाताना चांदणी चौकाच्या चढावर
मी एसी बंद करतो,
पोतं उचलताना बोलणं बंद करावं तसा.
शेजारच्या सीटवर दहा किलो ज्वारी ठेवली
तर ती पट्टा लावा म्हणून किंचाळते.
लावतो. ज्वारी आणि मी
नवले पुलाखालून मुकाट्याने घरी येतो.

सकाळी वारज्यात गाड्या तुंबल्या
की काचेवर टकटक होते, दोनदा.
शुभदा. स्कूटरवर. शाळेचा डबा पुढे अडकवलेला.
मान न वळवता ती पुढे जाते
बस आणि रिक्षा यांच्यामधल्या फटीतून.
ती फट सात महिन्यांपूर्वी मलाही दिसायची.
आता नुसती बस दिसते.

खाली कुलथ्यांची आणि आमची मध्ये एक पांढरी रेघ.
त्यांचं चाक रेघेच्या आत चार इंच.
मी टेपने मोजलंय,
सोसायटीच्या फायलीत माझी दोन पत्रं आहेत,
दुसऱ्याला आकृती जोडलेली.

भाद्रपदात एका रात्री दोन चाळीसला बेल वाजली.
कुलथे. बनियनवर, हातात त्यांच्या मोठ्या गाडीची किल्ली,
आणि ती किल्ली वाजत होती,
कारण हात थांबत नव्हता.
वहिनी जिन्यात बसल्या होत्या, भिंतीला टेकून,
गुडघ्यावर पर्स.

मागच्या सीटवरचं प्लॅस्टिक मी काढलं नव्हतं.
चार माणसांसाठी घेतलेली गाडी,
चौघं त्यात बसलो फक्त शोरूमपासून घरापर्यंत.
आता ते प्लॅस्टिक प्रत्येक श्वासाला चुरचुरत होतं
आणि मी कान देऊन होतो, की चुरचुरतंय ना.

गल्लीत पाइपलाइनचा खड्डा,
एका बाजूला मातीचा ढीग, दुसऱ्या बाजूला उभा डंपर.
कुलथे म्हणाले, नाही जाणार हो.
मी आरसे मिटले.
गेली.
डाव्या दाराला काहीतरी लांबवर घासत आलं,
मी बघितलं नाही.
सिंहगड रोडला लागल्यावर मागून वहिनी म्हणाल्या,
प्लॅस्टिक काढा हो आता, घाम येतो.

पाचव्या दिवशी त्या घरी आल्या, रिक्षाने.
कुलथ्यांनी जिन्यात नमस्कार केला
आणि दाराच्या रंगाचा खर्च विचारला.
मी म्हटलं, बघू.
आजही त्यांचं चाक चार इंच आत असतं,
मी मोजतो, सवयीने.
फक्त माझ्या बाजूचा आरसा ते मिटून ठेवतात.

त्या टाकीला पंधरा पॉइंट चार पडलं.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचलं नाही.
पेन तिथे टेकलं होतं, त्याचा ठिपका आहे.

दसऱ्याचा झेंडू बंपरवर अजून लटकतोय.
आज वारज्यात पाकळ्या उडून काचेवर आल्या,
वायपर फिरवला, तेवढ्यात टकटक, दोनदा.
शुभदा पुढे गेली.
बसच्या डाव्या अंगाने, रिक्षाच्या आरशाला चुकवून.
मला फट दिसली.
मावलो नसतो. पण दिसली.